संगणकाचें फर्मवेअर आणि बाहेरचा दुरुस्तीकार

संगणकाची कळ दाबल्यापासून पडद्यावर पहिलें चित्र उमटेपर्यंत जे पांच-दहा सेकंद जातात, त्यांकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. परंतु तेवढ्या वेळांत यंत्राच्या आंत पुष्कळ घडामोड होत असते. वीज सुरू झाल्याबरोबर प्रोसेसरास कांहींच ठाऊक नसतें; मेमरी किती आहे, कळफलक कोठें जोडला आहे, डिस्क आहे कीं नाहीं, यांपैकीं एकहि गोष्ट त्याला कळत नाहीं. त्याला हा पहिला पाठ देणारी आज्ञावली मदरबोर्डावरील एका लहानशा, बहुधा आठ पायांच्या चिपेंत लिहून ठेवलेली असते. तिलाच फर्मवेअर म्हणतात. शाळेचा शिपाई सर्वांच्या आधीं येऊन कुलुपें उघडतो, दिवे-पंखे पाहतो, घंटा देतो, आणि मगच वर्ग भरतात. फर्मवेअरचें काम तशाच प्रकारचें आहे.

हा शब्द १९६७ सालीं ऍशर ऑप्लर यांनीं 'डेटामेशन' नांवाच्या अमेरिकन मासिकांत योजिला. त्या वेळीं त्याचा अर्थ आजच्यापेक्षां जरा संकुचित होता. हार्डवेअर तें कठीण, सॉफ्टवेअर तें मऊ, आणि या दोहोंच्या मध्यें घट्ट बसलेलें तें फर्मवेअर, अशी ही कल्पना. आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें 'फर्म' म्हणजे पेढी असा अर्थ घेऊन 'पेढीचा माल' असें याचें भाषांतर केलें, तेव्हां सारा वर्ग हंसला. पुढील हकीकत वाचल्यावर तें भाषांतर अगदींच टाकाऊ होतें असें वाचकांस वाटणार नाहीं.

१९८१ सालच्या ऑगस्ट महिन्यांत आयबीएम कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक बाजारांत आणिला. त्यांतील मूळ आज्ञावलीला बायॉस असें नांव होतें, व ती अवघ्या आठ किलोबाइटांत मावत असे. आजच्या लॅपटॉपमध्यें तीच जागा सोळा किंवा बत्तीस मेगाबाइटांची असते. म्हणजे कमींत कमी दोन हजार पट. त्याहून आश्चर्याची गोष्ट ही, कीं आयबीएमनें त्या आज्ञावलीची संपूर्ण प्रत आपल्या तांत्रिक पुस्तकांत छापून दिली होती. नक्कल करण्याची कायद्यानें मनाई होती, पण वाचण्याची नव्हती. ज्याला समजेल त्यानें वाचावें आणि यंत्र कसें चालतें तें जाणावें. कॉम्पॅक कंपनीनें मग एक युक्ति केली. एका मंडळीनें तें बायॉस अभ्यासून 'त्यानें काय काम करावें' एवढेंच लिहून काढिलें. आणि ज्यांनीं मूळ कधीं पाहिलेंच नव्हतें अशा दुसऱ्या मंडळीनें त्यावरून नवें बायॉस रचिलें. १९८४ सालीं फीनिक्स या कंपनीनें तसलेंच बायॉस इतर कारखानदारांस विकावयास काढिलें. संगणक स्वस्त होऊन सामान्य माणसाच्या घरांत शिरला, त्याच्या मुळाशीं अशीं जीं कारणें आहेत, त्यांत हें एक मोठें आहे.

त्या काळीं बायॉसची चिप एकदां लिहिली कीं सहसा बदलत नसे. कांहीं चिपांवर कांचेची लहान खिडकी असे. तींतून अतिनील प्रकाश दिला म्हणजे जुना मजकूर पुसला जाई. पुढें १९९० नंतरच्या दशकांत फ्लॅश जातीच्या चिपा आल्या व संगणक चालू असतांनाच फर्मवेअर बदलतां येऊं लागलें. सोय झाली, तशीच अडचणहि झाली. २६ एप्रिल १९९९ रोजीं सीआयएच नांवाच्या विषाणूनें जगभर पुष्कळ संगणकांची ही चिपच खरडून टाकली, आणि कालपर्यंत चालणारीं यंत्रें कळ दाबली तरी उठेनात. तथापि उपाय सोपा होता. चिप काढावी, दुसऱ्या यंत्रावर तिच्यांत मूळ मजकूर पुन्हां लिहावा, आणि जागेवर बसवावी. हीच आपल्या बाजारांतील दुरुस्तीकारांची विद्या.

मुंबईस लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यास बुधवार पेठेंतील तपकीर गल्लींत ज्यांनीं अशा दुकानांत घटकाभर उभें राहून पाहिलें असेल, त्यांस हें काम परिचयाचें असेल. एका हाताएवढ्या जागेंत टेबल, वर भिंग, बाजूला गरम हवेची पिचकारी, डाखाची तार आणि चिप लिहिण्याचा लहानसा प्रोग्रॅमर. तो कांहींशे रुपयांतच मिळतो. जाणता कारागीर प्रथम जुन्या चिपेंतील मजकूर उतरून जपून ठेवतो, कारण त्यांतच त्या विशिष्ट यंत्राचा अनुक्रमांक, जाळ्याचा पत्ता, कित्येकदां विंडोजच्या परवान्याची किल्लीहि असते. दुसऱ्या यंत्रावरून घेतलेली प्रत आंधळेपणानें चढविली, तर यंत्र चालूं लागतें, पण आपलें नांव विसरतें! हें तारतम्य पुस्तकांत नसतें. तें हाताखालीं राहून शिकावें लागतें. आमच्या शाळेचे कित्येक माजी विद्यार्थी आज याच धंद्यावर घर चालवीत आहेत, आणि म्हणूनच पुढील भाग पालकांनीं निव्वळ शास्त्रीय माहिती म्हणून वाचूं नये.

जुन्या बायॉसची जागा हळूहळू यूईएफआय या नव्या पद्धतीनें घेतली. तिचा प्रारंभ इंटेल कंपनीनें केला. २००५ सालीं अनेक कंपन्यांचें मिळून तिच्यासाठीं एक मंडळ स्थापन झालें. २०११ च्या सुमारास तींत 'सिक्युअर बूट' म्हणून व्यवस्था आली व २०१२ सालीं विंडोज ८ बरोबर ती घरोघर पोंचली. तिचें तत्त्व असें. पूर्वीं महत्त्वाच्या लखोट्यावर लाखेची मोहोर करीत; मोहोर ओळखीची व अभंग असेल तरच पत्र खरें. येथें मोहोर म्हणजे गणिती सही. ती करण्याची किल्ली कारखानदार गुप्त ठेवतो. ती तपासण्याची दुसरी किल्ली यंत्रांत असते. मजकुरांत एक अक्षर जरी बदललें, तरी सही जुळत नाहीं, व यंत्र ती आज्ञावली चालविण्याचें नाकारतें.

सिक्युअर बूटची तपासणी फर्मवेअर करीत असे. पण खुद्द फर्मवेअरची तपासणी कोण करणार? २०१३ सालीं इंटेलनें 'बूट गार्ड' म्हणून जी योजना आणिली, ती या प्रश्नाचें उत्तर होय. तींत कारखानदाराच्या किल्लीची खूण मदरबोर्डावरील मुख्य चिपेंत सूक्ष्म फ्यूज जाळून कोरतात. जळालेला फ्यूज पुन्हां जोडतां येत नाहीं. सबब ती खूण यंत्राच्या अंतापर्यंत बदलत नाहीं. जेथें ही योजना पुरतेपणीं लागू केली आहे, तेथें आरंभींच्या भागावर त्याच कारखान्याची सही नसेल तर प्रोसेसर पुढें पाऊल टाकीत नाहीं. एएमडी कंपनीच्या सर्व्हरांतील प्रोसेसरांत तर अशी सोय आहे, कीं एका कंपनीच्या यंत्रांत तो एकदां कायमचा बांधला, कीं दुसऱ्या कंपनीच्या यंत्रांत चालत नाहीं. जुन्या बाजारांत असा प्रोसेसर विकत घेणारास ही गोष्ट बाहेरून दिसत नाहीं.

याचा परिणाम कारागिरावर काय होतो तें नीट समजून घेतलें पाहिजे, कारण बाजारांत याविषयीं अतिशयोक्ति फार ऐकूं येते. चिप वाचतां-लिहितां येतच नाहीं, असें नाहीं. कारखान्याची सही असलेली मूळ प्रत हातीं असेल, तर ती अजूनहि पुष्कळ यंत्रांवर चढवितां येते. अडतें तें येथें: प्रत कंपनीच्या ताब्यांत असते, कित्येक कंपन्या ती फक्त अद्यतनाच्या गुंडाळलेल्या रूपांत देतात, व तिच्यांतून चिपेस लागणारा मजकूर सोडवून घ्यावा लागतो, आणि दोष कारखान्याच्याच मजकुरांत असला, तर तो सुधारण्याचा मार्ग बाहेरच्या माणसास उरत नाहीं. शिवाय हल्लीं बॅटरी, पंखा व कळफलक सांभाळणारी एक दुय्यम चिप असते, तिचेंहि फर्मवेअर वेगळें. पूर्वीं 'डेड' म्हणून आलेल्या यंत्राचा विद्युत्प्रवाह मोजला कीं निम्मा रोग कळे. आतां प्रवाह सर्वत्र ठीक असूनहि यंत्र गप्प बसूं शकतें, आणि तें कां गप्प बसलें हें सांगणारी भाषा कारखान्यापाशींच असते.

मग कारखानदारांनीं हें द्वेषबुद्धीनेंच केलें काय? तसें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. फर्मवेअरमध्यें शिरलेला विषाणू डिस्क पुसून जात नाहीं, विंडोज नव्यानें घालून जात नाहीं; तो घराच्या पायांत शिरलेल्या वाळवीसारखा असतो. २०२३ सालीं ब्लॅकलोटस नांवाचा जो विषाणू उजेडांत आला, तो सिक्युअर बूट चालू असतांहि त्याला चकवून आंत शिरत होता. अशा जगांत दारावर मोहोर नको म्हणणें शहाणपणाचें नव्हे. आणखीहि एक गोष्ट नव्या फर्मवेअरच्या पदरीं टाकली पाहिजे. अनेक नव्या यंत्रांत स्वतःची दुसरी प्रत राखून ठेवलेली असते, आणि अद्यतनाच्या मध्येंच वीज गेली तरी यंत्र आपण होऊन सावरतें. कांहींत मेमरी, डिस्क, पंखा यांची परीक्षा घेणारी व्यवस्थाहि असते व तिच्या खुणांवरून गल्लींतला कारागीरसुद्धां दोष ओळखतो. ज्या गांवांत वीज दिवसांतून चार वेळां जाते, तेथें पहिल्या सोयीची किंमत मोठी आहे. उलट, गुप्त किल्ली गुप्त राहीलच याचाहि भरंवसा नसतो. २०२३ सालींच एमएसआय कंपनीवरील दरोड्यांत तिच्या कित्येक किल्ल्या बाहेर पडल्या. जळालेले फ्यूज बदलत नसल्यामुळें त्या यंत्रांचें कुलूप आतां कायमचें संशयित झालें.

माझें मत असें, कीं मोहोर ही वाईट नाहीं. मोहोरेचा उपयोग सुट्या भागांवर केला जातो, तेथें ती वाईट होते. २०१६ सालीं ज्यांच्या आयफोनचें बटण बाहेरच्या दुकानांत दुरुस्त झालें होतें, त्यांचे फोन नवें अद्यतन घेतांच 'एरर ५३' दाखवून बंद पडले. ऍपल कंपनीनें पुढें ते चालू करणारें अद्यतन दिलें. पण बाहेर दुरुस्ती केली म्हणून आतां तुमचा हक्क राहिला नाहीं, असें ग्राहकांस सांगितल्याबद्दल ऑस्ट्रेलियांतील न्यायालयानें २०१८ सालीं त्या कंपनीस नव्वद लक्ष ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. त्याच वर्षीं टी२ नांवाची चिप असलेल्या तिच्या संगणकांत कांहीं भाग बदलल्यावर कंपनीच्याच तपासणी-सॉफ्टवेअरनें जोडणी केल्याखेरीज दुरुस्ती पुरी होत नाहीं, हें उघड झालें. प्रिंटरांची तीच कथा. सप्टेंबर २०१६ मध्यें एचपी कंपनीच्या अनेक प्रिंटरांनीं फर्मवेअरच्या आज्ञेवरून दुसऱ्या कंपन्यांचीं शाईचीं कार्ट्रिजें एकाएकीं नाकारलीं. ओरड झाल्यावर तें बंधन काढणारें फर्मवेअर देऊं केलें गेलें. अमेरिकेंतील शेतकऱ्यांस ट्रॅक्टरच्या संगणकाविषयीं अशीच तक्रार करावी लागली, व जॉन डीअर कंपनीवर तेथील सरकारच्या व्यापार आयोगानें जानेवारी २०२५ मध्यें फिर्याद केली. भाग खरा, यंत्र खरें, बसविणारा कुशल. तरी यंत्र म्हणतें, 'मी याला ओळखत नाहीं'.

चोरीस आळा घालण्यासाठीं असलेलीं कुलुपें निरपराधांसहि कशीं अडवितात, याचा अनुभव आमच्या शाळेस आला. एका व्यापारी कचेरीनें आपले वापरून झालेले बारा लॅपटॉप प्रयोगशाळेसाठीं उदारपणें दिले. त्यांपैकीं पांचांस फर्मवेअरचा परवलीचा शब्द घातलेला निघाला, आणि तो घालणारा माणूस नोकरी सोडून गेला होता. जुन्या टेबलावरच्या संगणकांत बोर्डावरची गोल बॅटरी काढून ठेवली कीं असा शब्द पुसला जाई. या यंत्रांत तो वेगळ्या सुरक्षित जागीं असल्यामुळें तसें होईना. कारखान्याच्या सेवाकेंद्रानें खरेदीची पावती मागितली. मागणें अयोग्य नव्हतें, कारण चोरालाहि तेंच हवें असतें. पण पावती कचेरींतहि सांपडेना. बोर्ड बदलण्याचा खर्च यंत्राच्या किंमतीहून अधिक सांगण्यांत आला. शेवटीं दोन यंत्रांचे शब्द कचेरींतील एका जुन्या वहींत मिळाले. तीन यंत्रांचे पडदे व कळफलक सुटे भाग म्हणून उपयोगीं आले. ज्या संस्था जुनीं यंत्रें दान करितात, त्यांनीं कुलूप काढून द्यावें, एवढें येथें सुचवितों.

आतां दुसरी बाजू: खुद्द कारखानदाराची सेवा किती दिवस टिकते? पूर्वींचें बायॉस जन्मभर तेंच राहिलें तरी चालत असे. आजचें फर्मवेअर जाळ्याशीं जोडलेल्या यंत्राचें आहे. त्यांतील छिद्रें वरचेवर बुजवावीं लागतात, आणि बुजविण्याची सही फक्त एकाच हातीं आहे. तो हात आंखडला म्हणजे यंत्र धडधाकट असूनहि म्हातारें होतें. जानेवारी २०१८ मध्यें स्पेक्टर व मेल्टडाउन हे प्रोसेसरांतील दोष जाहीर झाले. एप्रिलमध्यें इंटेलनें सांगून टाकिलें, कीं कित्येक जुन्या प्रोसेसरांस सुधारणा मिळणार नाहीं. जेथें इंटेलनें सुधारणा दिली, तेथेंहि ती पुष्कळदां लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीच्या फर्मवेअरमधून यावी लागते. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप हवी, म्हणून चांगलीं चालणारीं यंत्रें मागें पडलीं. विंडोज १० ची सर्वसाधारण सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. सिक्युअर बूटसाठीं मायक्रोसॉफ्टनें २०११ सालीं जीं प्रमाणपत्रें दिलीं, त्यांची मुदतहि २०२६ च्या जून ते ऑक्टोबरपर्यंतचीच. मुदत संपली म्हणून संगणक त्या दिवशीं बंद पडत नाहीं. परंतु नवीं प्रमाणपत्रें न मिळालेल्या यंत्रास आरंभींच्या भागाच्या पुढील सुरक्षा-सुधारणा घेतां येत नाहींत, आणि कांहीं यंत्रांत तीं नवीं प्रमाणपत्रें बसण्यासाठीं आधीं कारखान्याचें नवें फर्मवेअर लागतें. ज्या कंपनीनें तें मॉडेल सोडून दिलें, तिच्या ग्राहकानें कोणाकडे जावें?

या अडचणींतून वाट काढणारेहि आहेत. १९९९ सालीं अमेरिकेंतील लॉस आलामॉस प्रयोगशाळेंत रॉन मिनिक यांनीं लिनक्सबायॉस नांवाचें खुलें फर्मवेअर सुरू केलें. २००८ पासून त्याला कोअरबूट म्हणतात. क्रोमबुक जातीच्या संगणकांत तेंच असतें. बूट गार्डनें बांधलेल्या यंत्रावर मात्र तें मालकास स्वतः चढवितां येत नाहीं. २०१५ सालापासून लिनक्स वापरणारांसाठीं एक सामाईक भांडार चालू आहे. अनेक कारखानदार आपलें सहीचें फर्मवेअर तेथें ठेवितात, व वापरणारास प्रत्येक कंपनीच्या दारीं जावें लागत नाहीं. हा मार्ग मला सर्वांत समंजस वाटतो: मोहोर राहते, पण लखोटा सर्वांस मिळतो.

कायद्यानेंहि या प्रश्नांत हात घातला आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यानें २०१२ सालीं मोटारींच्या बाबतींत आरंभ केला. ओरेगन राज्यानें २०२४ सालीं असा कायदा केला, कीं १ जानेवारी २०२५ नंतर बनलेल्या वस्तूंत भाग व यंत्र यांची अशी सक्तीची जोडगोळी करून बाहेरची दुरुस्ती अडवूं नये. युरोपांत २० जून २०२५ पासून फोन व टॅब्लेट यांस निदान पांच वर्षें अद्यतनें व विक्री थांबल्यावर सात वर्षें सुटे भाग देण्याचें बंधन आहे. लॅपटॉप त्या नियमांत आलेले नाहींत. आपल्या देशांत या विषयावरचा महत्त्वाचा निर्णय संगणकांचा नव्हे, मोटारींचा आहे. सुटे भाग व दोष शोधण्याचीं साधनें बाहेरच्या गॅरेजांस न दिल्याबद्दल स्पर्धा आयोगानें ऑगस्ट २०१४ मध्यें चौदा मोटार कंपन्यांस मिळून सुमारें २,५४४ कोटि रुपये दंड केला. तो वाद पुढें वरच्या न्यायासनांकडे गेला. जुलै २०२२ मध्यें केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें दुरुस्तीच्या हक्काविषयीं समिति नेमली, त्याच वर्षीं २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहकदिनीं, त्यासाठीं एक संकेतस्थळ उघडलें; आणि मे २०२५ मध्यें वस्तु दुरुस्तीस किती सोपी आहे याचे गुण देणाऱ्या निर्देशांकाविषयींचा अहवाल त्या विभागास सादर झाला.

पालकांस आणखी एक व्यवहाराची गोष्ट सांगावयाची राहिली. आजच्या पुष्कळ विंडोज लॅपटॉपांत डिस्कवरील मजकूर आपोआप कुलूपबंद होतो, व त्या कुलुपाची किल्ली बोर्डावरील टीपीएममध्यें असते. बोर्ड बदलला, किंवा कांहीं वेळां नुसतें फर्मवेअर बदललें, तरी यंत्र अठ्ठेचाळीस अंकांची किल्ली मागतें. ती नसेल तर कंपनीचें सेवाकेंद्र काय किंवा गल्लींतला निष्णात कारागीर काय, दोघेहि तो मजकूर परत देऊं शकत नाहींत. मुलाचे तीन वर्षांचे टांचण व घरचीं छायाचित्रें त्यांतच राहतात. ही किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत नोंदलेली असते. यंत्र चांगलें चालत असतांच तेथून ती कागदावर उतरून घ्यावी, व तो कागद लॅपटॉपच्या पिशवींत न ठेवतां खरेदीच्या पावतीबरोबर कपाटांत ठेवावा. नवें यंत्र घेतांना दुकानदारास दोनच प्रश्न विचारावे: या मॉडेलला फर्मवेअरचीं अद्यतनें किती वर्षें मिळतील, आणि बॅटरी व डिस्क बाहेर बदलली तर यंत्र ती स्वीकारतें काय. आणि फर्मवेअरचें अद्यतन चालू असेल तेव्हां चार्जर काढूं नये, बॅटरी भरलेली असली तरी.